पाळीव कासवाची नखे : निगा आणि दुखापती

पाळीव जलचर कासवांची नखे तुटणे, उपटणे, वाजवीपेक्षा वाढणे आणि त्यातून होणारा जंतुसंसर्ग, तसेच हे टाळण्यासाठी घ्यावयाची काळजी. पुढील विवेचन प्रामुख्याने लाल कानाच्या कासवाविषयी (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स) आहे. ही उपजाती मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व लगतच्या ईशान्य मेक्सिकोतील असून बाळगोपाळांसाठी म्हणून जगभर विकली गेली. माक्सिमिलियान वीट-नॉयवीट या जर्मन निसर्गाभ्यासकाने तिचे प्रथम वर्णन केले. त्यांचा प्रवासग्रंथ सुट्या भागांत निघाल्यामुळे वर्ष कुठे १८३८, तर कुठे १८३९ असे दिलेले आढळते. अलीकडील सूचींचा कल १८३८ कडे आहे.

पुढच्या पायांना प्रत्येकी पाच व मागच्या पायांना प्रत्येकी चार नखे असतात. नख म्हणजे बोटाच्या शेवटच्या हाडावर चढलेले केराटिन या कठीण प्रथिनाचे टोपण होय. त्याच्या मुळाकडील भागात रक्तवाहिनी व चेतातंतू असतात, म्हणून तेथवर कापल्यास रक्त येते आणि जनावराला वेदना होतात.

प्रौढ नराची पुढची नखे मादीच्या नखांपेक्षा ठळकपणे लांब असतात. प्रियाराधनाच्या वेळी नर मादीसमोर येऊन मागे सरकत पोहतो आणि ही नखे तिच्या गालांजवळ वेगाने थरथरवतो. या वर्तनाचा अर्थ काय, याबद्दल एकमत नाही. मादीची निवड मिळवण्यासाठी नखे लांबली, हे जुने व सरळ स्पष्टीकरण. पण लैंगिकदृष्ट्या अपक्व पिलेही अशीच नखे थरथरवतात. त्यामुळे काही अभ्यासक या हालचालीत वर्चस्वाची खूण पाहतात, तर काही तिला खेळ मानतात. ट्रॅकेमिस प्रजातीतील मध्य अमेरिकी कासवांच्या नरांत लांब नखे नसतात व हे नृत्यही दिसत नाही. नखे आणि प्रियाराधन यांचा संबंध त्यावरून अधिक बळकट ठरतो. पिलांतील वर्तन हा त्याचाच अकाली आविष्कार असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातील सार असे, की नराची लांब नखे हा रोग नव्हे आणि केवळ लांब दिसतात म्हणून ती कापू नयेत.

खरी अतिवाढ वेगळी ओळखता येते. नख वळते, बाजूला मुरडते, चालताना बोट तिरपे पडते. गुळगुळीत काचेच्या तळाच्या टाकीत नखे झिजत नाहीत, हे त्याचे नेहमीचे कारण. ऊन शेकण्याच्या जागी खडबडीत सपाट दगड किंवा लाकडाचा ओंडका ठेवल्यास झीज आपोआप होते. नखांसोबत चोचही वाढलेली किंवा कवच मऊ झालेले दिसल्यास आहार, कॅल्शियम अथवा यकृत यांतील बिघाडाची शंका घ्यावी.

नख उपटण्याच्या घटना बहुधा टाकीच्या मांडणीतून घडतात : फिल्टरच्या तोंडाची फट, तारेची जाळी, दगडांमधील खाच, एकाच टाकीतील दुसऱ्या कासवाचा चावा. अडकलेले कासव ओढून काढू नये, फट सैल करावी. रक्त येत असल्यास स्वच्छ कापसाने दाबून धरावे. कॉर्नफ्लोअरही (मक्याचे सत्त्व) तात्पुरते चालते. नंतर सौम्य केलेल्या पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाने जखम पुसून कासवाला काही तास कोरड्या, उबदार जागी ठेवावे. सूज, पू, दुर्गंधी किंवा बोट काळे पडणे ही संसर्ग हाडापर्यंत गेल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच हवा. कुत्र्यामांजरांना चालणारे आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध कासवाला प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे घरातले औषध कधीही देऊ नये.

अस्वच्छ पाण्यात किरकोळ ओरखडाही चिघळतो. कवच व त्वचेवर व्रण पडून रक्तात विष पसरण्याच्या एका रोगाशी सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी हा जीवाणू जोडला जातो. पाणी साधारण २४ ते २८° से., शेकण्याची जागा ३० ते ३५° से. व यूव्हीबी (अतिनील-बी किरण देणारा) दिवा ही किमान सोय समजावी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यूव्हीबीची जागा घेत नाही. पापण्या सुजणे हे अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे परिचित लक्षण आहे.

कासवांकडून माणसाला साल्मोनेला या आतड्यांचा विकार करणाऱ्या जीवाणूचा संसर्ग जडतो. त्यामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा (सु. १० सेंमी.) लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

भारतात तारा कासव, मऊ पाठीची देशी कासवे इत्यादींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चे संरक्षण असून ती घरी ठेवणे गुन्हा आहे. लाल कानाचे कासव परदेशी असल्याने बाजारात मिळते. ते २० ते ३० सेंमी.पर्यंत वाढते व अनेक दशके जगते. नकोसे झाल्यावर लोक ते तळ्यात सोडतात. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी-बचाव संस्थेकडे किंवा वन विभागाकडे विचारणा करावी.