भिंतीच्या बाहेर सापडलेलं लंडन

जुनं लंडन म्हणजे रोमन लोकांचं लोंडिनियम आणि त्याची दगडी तटबंदी एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण पाचव्या शतकात रोमन सत्ता गेली आणि ते शहर जवळपास ओसच पडलं. तरी ७३१ च्या सुमारास बीड नावाचा ख्रिस्ती साधू लिहून ठेवतो की लंडन म्हणजे जमिनीवरून नि समुद्रातून येणाऱ्या कितीतरी लोकांची बाजारपेठ. मग ती बाजारपेठ गेली कुठं? दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बिंगनंतर तटबंदीच्या आत बरंच खोदकाम झालं, रोमन वस्तू भरपूर निघाल्या, पण सातव्या-आठव्या शतकातलं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही.

१९८४ मध्ये अ‍ॅलन व्हिन्स आणि मार्टिन बिडल या दोन पुरातत्त्वज्ञांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट मांडली, की रोमन गेल्यावर उत्तर युरोपातून येऊन वसलेल्या सॅक्सन लोकांचं गाव मुळात भिंतीच्या आत नव्हतंच, ते पश्चिमेला स्ट्रँड आणि कोव्हेंट गार्डनच्या भागात होतं. पुढच्याच वर्षी कोव्हेंट गार्डनच्या ज्युबिली हॉलपाशी खोदलं तर खरंच सॅक्सन वस्ती लागली. हेच ते लुंडनविक, पसारा साधारण ६० हेक्टर. मला विचाराल तर आधी न सापडण्यात नवल काही नाही, कारण घरं सगळी लाकूड-मातीची, त्यामुळे खांबांचे खड्डे, चुली, कचऱ्याचे खड्डे आणि मातीतले काळपट थर एवढंच मागे उरतं, रोमन भिंतीसारखं डोळ्यात भरणारं काही नाही.

नव्वदच्या दशकात रॉयल ऑपेरा हाऊसच्या जागी मोठं उत्खनन झालं तेव्हा मात्र चित्र एकदम भरलं. खडी घातलेला रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मागाला लावायची मातीची वजनं, हाडाशिंगाच्या फण्या बनवताना उरलेले तुकडे, बाहेरून आलेली भांडी. लुंडनविकमध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्वालामुखीच्या दगडाची दळायची जाती पण सापडलीत (आपली जाती पण तसल्याच दगडाची, फक्त ती गावातच मिळायची, ही बोटीतून यायची!). आणि त्या बोटी लागायच्या थेट थेम्सच्या उतरत्या काठावर, धक्क्याबिक्क्याची फार गरज नाही, म्हणूनच व्यापाऱ्यांना ही जागा सोयीची.

पण उघडा काठ म्हणजे हल्ल्यालाही सोपा. ८४२ आणि ८५१ ला व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे समुद्री लुटारू, लंडनवर चालून आले, ८७१-७२ चा हिवाळा तर त्यांच्या सैन्याने लंडनलाच काढला. ८८६ मध्ये सॅक्सन राजा आल्फ्रेडने जुन्या रोमन भिंतीच्या आत शहर पुन्हा वसवायला घेतलं, लुंडनविक मागे पडलं, तिथं शेतं आली, वेस्टमिन्स्टर ॲबीची बाग झाली आणि बरीच शतकं तिथं फार बांधकाम झालं नाही म्हणून खालचं एवढं तरी टिकलं.