ब्लूमबर्ग टर्मिनलवर बसायचंय? फायनान्स लॅबसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

एमबीएच्या प्रोजेक्टचा विषय ठरला किंवा पीएच.डी.चा आराखडा मंजूर झाला, की बरेच जण पहिली धाव फायनान्स लॅबकडे घेतात. तिथलं ब्लूमबर्ग टर्मिनल म्हणजे बाजारांचा डेटा दाखवणारं दोन पडद्यांचं मशीन, रंगीत बटणांचा कीबोर्ड आणि मनात पक्का समज, की इथे एकदा बसलं की हवा तो डेटा हाती येतो. डेटा आहेच. पण त्या खुर्चीपर्यंत पोचायला अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज नीट कसा भरायचा हे फारसं कुणी सांगत नाही. मी गेली काही वर्षं एका व्यवस्थापन संस्थेत अशी लॅब सांभाळतो. परत पाठवलेल्या अर्जांत त्याच त्या चुका दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

फॉर्मचं नाव आणि सह्यांचा क्रम संस्थेनुसार बदलतो. पुण्यातली संस्था असो की परदेशातलं विद्यापीठ, गाभा मात्र सारखाच असतो, कारण अटी मुळात डेटा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या असतात. लॅबचा माणूस त्या अटी पाळायला बांधलेला असतो.

आधी ठरवा, हवंय काय

सगळे ब्लूमबर्गच मागतात, पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. शेअर, रोखे, चलनं, वस्तू बाजार, जगभरचे निर्देशांक आणि ताज्या घडामोडी एकाच जागी बघायच्या असतील तर ब्लूमबर्ग. लंडन स्टॉक एक्स्चेंज ग्रुपचं (एलएसईजी) वर्कस्पेसही त्याच जातीचं. पूर्वी ज्याला आयकॉन म्हणायचे, त्याची जागा आता वर्कस्पेसने घेतली आहे. भारतीय कंपन्यांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं वर्षानुवर्षांची हवी असतील तर मुंबईच्या सीएमआयई या 1976 साली सुरू झालेल्या संस्थेचा प्रोवेस हा डेटाबेस जास्त कामाचा. शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या असंख्य कंपन्याही त्यात सापडतात.

अमेरिकी बाजारावर मोठं संशोधन करायचं असेल तर डब्ल्यूआरडीएस बघा. अमेरिकेतल्या व्हार्टन या व्यवस्थापन संस्थेने 1993 मध्ये सुरू केलेली ही ऑनलाइन डेटा सेवा आहे आणि तिच्यातून सीआरएसपीचा शेअर भावांचा डेटा मिळतो. सीआरएसपी हे केंद्र 1960 मध्ये शिकागो विद्यापीठात मेरिल लिंच या अमेरिकी दलाली पेढीच्या पैशातून उभं राहिलं. शेअरमध्ये दीर्घकाळ पैसे ठेवणाऱ्याला नेमकं किती मिळतं, या प्रश्नाचं उत्तर मेरिल लिंचला हवं होतं आणि त्यासाठी 1926 पासूनचे भाव गोळा झाले. पुढे 1982 मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांच्या नव्या कंपनीची यंत्रं पहिल्यांदा विकत घेणारीही हीच मेरिल लिंच. आज विद्यार्थी ज्या दोन दारांवर अर्ज घेऊन उभा राहतो, त्या दोन्हींच्या मुळाशी एकाच दलाली पेढीची गरज होती, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून टर्मिनल मिळेल का, असंही हल्ली विचारतात. नाही. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेली ती योजना 30 प्रकाशकांच्या संशोधन नियतकालिकांची आहे. तिच्यातून शोधनिबंध मिळतील, टर्मिनल नाही.

पात्रता

चालू वर्षात प्रवेश असलेले विद्यार्थी, नोंदणी झालेले पीएच.डी. संशोधक आणि नेमणुकीवरचे अध्यापक यांना अर्ज करता येतो. ‘चालू’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेले माजी विद्यार्थी कितीही जवळचे असले तरी बहुतेक परवान्यांत बसत नाहीत. विद्यापीठाला संलग्न असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही सहसा नकार मिळतो, कारण परवाना ज्या संस्थेने घेतला तिच्यापुरताच असतो. अशा वेळी आपल्या गाईडमार्फत त्या संस्थेच्या विभागप्रमुखांना पत्र देऊन विचारावं. परवान्यात पाहुण्या संशोधकांची सोय असेल तर वाट निघते.

आणखी एक अट सगळ्यांना लागू आहे. उपयोग फक्त शिक्षण आणि संशोधनासाठी. इंटर्नशिप चालू असलेल्या कंपनीसाठी, काकांच्या दलाली कार्यालयासाठी किंवा स्वतःच्या शेअर खरेदीसाठी या मशीनवरून डेटा काढता येत नाही. व्यावसायिक परवान्याची किंमत कित्येक पटींनी जास्त असते आणि शैक्षणिक सवलत याच अटीवर मिळते. एका विद्यार्थ्याने हे मोडलं तर अख्ख्या संस्थेचा परवाना धोक्यात येतो. म्हणून या मुद्द्यावर मी कुणाचंच ऐकत नाही.

कागदपत्रं

वैध ओळखपत्राची प्रत, चालू वर्षाचं शुल्क भरल्याची पावती किंवा बोनाफाईड, आणि पीआरएन किंवा नोंदणी क्रमांक. पीएच.डी.वाल्यांनी नोंदणी पत्र आणि गाईडचं सही-शिक्क्याचं शिफारसपत्र जोडायचं. प्रोजेक्टसाठी असेल तर मार्गदर्शक अध्यापकांची सही फॉर्मवर चालते. शिवाय वापराच्या अटी मान्य असल्याचं हमीपत्र असतं. ते न वाचता सही करू नका, दीड पानाचं तर असतं.

संस्थेचा ईमेल पत्ता चालू आहे ना, हे आधी बघा. प्रवेशाच्या वेळी मिळालेला तो पत्ता अनेकांनी कधी उघडलेलाच नसतो. खासगी पत्त्यावरून केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी पुढे सरकत नाही, कारण तुम्ही संस्थेचे आहात याचा पुरावा हा पत्ताच असतो. नावाचं स्पेलिंग ओळखपत्रावर, अर्जात आणि लॉगिनमध्ये एकच ठेवा. ओळखपत्रावर आडनाव आधी आणि अर्जात शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं झालं की अर्ज पडून राहतो. आधारची झेरॉक्स या कामाला लागत नाही. कुणी मागितलीच, तर संस्थेचं ओळखपत्र पुरेल का, असं मोकळेपणी विचारा.

‘उपयोगाचा हेतू’ हा रकाना

फॉर्मवर साधारण चार-पाच ओळींची जागा ठेवलेली असते आणि तिथे बहुतेक जण ‘प्रोजेक्टसाठी’ एवढं लिहून मोकळे होतात. माझ्या मते अख्ख्या अर्जात वाचण्यासारखी हीच जागा असते. बाकीच्या कागदांवरून तुम्ही कोण आहात हे कळतं, या ओळींवरून तुम्हाला टर्मिनलवर किती वेळ आणि किती डेटा लागेल हे कळतं.

त्याचं कारण डेटा उतरवण्याची मर्यादा. ब्लूमबर्गवरून एक्सेलमध्ये किती डेटा घ्यायचा याला दिवसाची आणि महिन्याची मर्यादा असते. नेमका आकडा कंपनी सांगत नाही. विद्यापीठातल्या सामायिक मशीनवर ही मर्यादा मशीनच्या खात्यावर चढते. म्हणजे सोमवारी एकाने अधाशासारखा डेटा ओढला, तर मंगळवारी येणाऱ्याच्या एक्सेलमध्ये आकड्यांऐवजी नकाराचा संदेश येतो, आणि महिन्याची मर्यादा संपली असेल तर महिना उलटेपर्यंत त्या मशीनवर कुणालाच काही उतरवता येत नाही. आमच्याकडे एकदा प्रबंध सादर करायच्या ऐन हंगामात हे झालं. चूक करणारा मुलगा साधा होता, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण ज्या मुलीचं शेवटचं प्रकरण अडलं, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून हेतू लिहिताना चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या कंपन्या, कोणती माहिती, कोणता काळ, आणि आकडे रोजचे हवेत की महिन्याचे. 500 कंपन्यांची प्रत्येकी 12 प्रकारची माहिती मागितली तर 6,000 मागण्या होतात. तोच प्रश्न 60 कंपन्या आणि 4 प्रकारांत सुटत असेल तर 240. कागदावर हा गुणाकार केला की निम्मा डेटा आपल्याला नकोच होता, हे अनेकदा आपोआप उमगतं.

कंपन्यांची यादी देताना ती कोणत्या तारखेची, हेही लिहा. ‘निफ्टी 50 मधल्या कंपन्या, 2010 ते 2020’ असं वाचायला ठीक वाटतं. पण आजची यादी घेऊन मागे गेलात तर दहा वर्षं टिकून वर आलेल्याच कंपन्या तुमच्या हाती लागतात. मधल्या काळात यादीतून गळालेल्या दिसतच नाहीत, आणि परतावा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. व्हायव्हाला परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात. हेतूच्या रकान्यात ‘दरवर्षी 31 मार्चला निर्देशांकात असलेल्या कंपन्या’ असं लिहिलेलं दिसलं, की मी समजतो, या अर्जदाराने विचार केला आहे.

नमुना म्हणून असं लिहिता येईल: ‘एप्रिल 2015 ते मार्च 2020 या काळात बोनस शेअर जाहीर करणाऱ्या 40 कंपन्या. घोषणेच्या आधीचे आणि नंतरचे 10 दिवस. रोजचा बंद भाव आणि उलाढाल. दोन तासांच्या तीन बैठका लागतील.’ असा अर्ज मंजूर करायला मला दोन मिनिटं लागतात.

मंजुरीनंतर

अर्ज विभागातून लॅबकडे येतो, मग तोंडओळखीचं सत्र होतं आणि त्यानंतर वेळ आरक्षित करता येते. ब्लूमबर्गचं वैयक्तिक लॉगिन टर्मिनलवर बसूनच तयार करावं लागतं. नाव, संस्थेचा ईमेल आणि मोबाईल नंबर भरला की पडताळणीचा कोड येतो. पुढे दुसऱ्या मशीनवर बसलात तर तो पुन्हा विचारला जाऊ शकतो, म्हणून फोन जवळ असू द्या. परदेशात नुकतंच पोचलेल्यांनी तिथलं सिमकार्ड आधी घ्यावं, मग लॉगिन तयार करावं. भारतातल्या नंबरवर कोडची वाट बघत आरक्षित वेळ संपते.

कीबोर्डचं फार दडपण घेऊ नका. पिवळी बटणं बाजाराचे विभाग दाखवतात, एफ 8 म्हणजे शेअर. कंपनीचं चिन्ह टाईप करायचं, पिवळं बटण दाबायचं, मग हिरवं गो. अडलात तर हिरवं हेल्प बटण लागोपाठ दोनदा दाबा, समोर कंपनीच्या मदत कक्षातला माणूस बोलायला येतो. विद्यार्थी आहे म्हणून संकोच करू नका, ही सोय तुमच्यासाठीही आहे. बीएमसी (ब्लूमबर्ग मार्केट कॉन्सेप्ट्स) नावाचा स्वतःच्या गतीने करायचा अभ्यासक्रमही टर्मिनलवर मिळतो. अर्थव्यवस्थेचे निर्देशक, चलनं, रोखे आणि शेअर या विषयांची त्यात ओळख होते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. काही संस्था बैठका देण्याआधी तो पूर्ण करून घेतात. मला हा नियम पटतो.

डेटा उतरवल्यावर करायची एक गोष्ट कधीच विसरू नका. ब्लूमबर्गवरून डेटा आणणारे एक्सेलमधले बीडीपी आणि बीडीएच हे फॉर्म्युले जिवंत असतात. शीट ताजं झालं की ते पुन्हा डेटा मागतात आणि मर्यादा पुन्हा खर्च होते. घरच्या संगणकावर तर ते चालतच नाहीत. म्हणून आकडे आले की सगळं कॉपी करून फॉर्म्युल्यांशिवाय नुसते आकडे (व्हॅल्यूज) म्हणून पेस्ट करायचं आणि ती वेगळी फाईल जतन करायची. भाव बोनस आणि शेअर विभाजनासाठी जुळवलेले आहेत का, हे डीपीडीएफ या फंक्शनवर जाऊन तपासा आणि कोणती निवड होती ते टिपून ठेवा. उठताना लॉगआऊट करा. तुमच्या नावावर दुसऱ्याने केलेल्या डाउनलोडचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो.

डब्ल्यूआरडीएसचं खातं मात्र घरबसल्या मागता येतं. त्यांच्या संकेतस्थळावर संस्था आणि खात्याचा प्रकार निवडायचा, मग संस्थेचा नेमलेला प्रतिनिधी मंजुरी देतो. पीएच.डी., अध्यापक आणि वर्गापुरतं असे प्रकार वेगवेगळे आहेत. वर्गापुरतं खातं सत्राबरोबर संपतं, म्हणून प्रबंधाचं काम त्यावर सुरू करू नका. लॉगिनला दुहेरी पडताळणी लागते, आणि खातं मित्राला वापरायला देणं हा नियमभंगच आहे.

पात्रतेत बसत नसाल तर

एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर रोजच्या भावांच्या फाईल्स फुकट मिळतात. व्याजदर, चलन, बँकांची आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या डेटा संकेतस्थळावर आहे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सापडतात. वेळ जास्त लागतो, आकडे हाताने जुळवावे लागतात, पण चांगले प्रबंध यावरही लिहिले जातात आणि मी ते वाचले आहेत.

शेवटच्या सत्रात ‘नो ड्यूज’वर लॅबची सही घ्यायला याल, तेव्हा तुमची प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. त्याआधी सगळ्या फाईल्स नीट नावं देऊन स्वतःकडे घ्या. परवान्याच्या अटीनुसार तो कच्चा डेटा इंटरनेटवर टाकता येत नाही. प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्याखाली मात्र डेटाबेसचं नाव आणि डेटा उतरवल्याची तारीख लिहा, कारण कंपन्या जुने आकडे मागाहून सुधारतात आणि सहा महिन्यांनी तेच शोधलं तर वेगळा आकडा येऊ शकतो.