संयोजी रसायनशास्त्र

संयोजी रसायनशास्त्र : मोजक्या घटक-रेणूंच्या शक्य तितक्या सगळ्या जुळण्या पद्धतशीरपणे करून शेकडो ते लाखो संयुगे तयार करण्याचे, आणि त्यांतून औषधाच्या कामाचे संयुग हुडकण्याचे तंत्र. प्रयोगशाळेत याला सगळे कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्री किंवा थोडक्यात कॉम्बिकेम म्हणतात. अशा संयुगांच्या संचाला ‘लायब्ररी’ हा शब्द रूढ आहे.

कोल्हापुरात एम.एस्सी.ला सेंद्रिय रसायन घेतलेल्या विद्यार्थ्याला या विषयाचे मूळ समजून घ्यायला महागडी यंत्रे लागत नाहीत, एक गोल बुडाचा चंबू पुरतो. बेन्झाल्डिहाइड, इथाइल अॅसिटोअॅसिटेट आणि युरिया इथेनॉलमध्ये घ्यायचे, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकायचे आणि वर कंडेन्सर लावून दोन-तीन तास उकळत ठेवायचे. सुरुवातीला कडू बदामासारखा वास येतो. चंबू निवला, बर्फात ठेवला, की पांढरे स्फटिक तळाशी बसू लागतात. गाळून, थंड इथेनॉलने धुऊन, वाळवून वितळणबिंदू पाहिला तर तो २०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर येतो. यातला युरिया म्हणजे पंचगंगाकाठच्या शेतात उसाला टाकतात तेच संयुग, फक्त अधिक शुद्ध. ही बिजिनेली अभिक्रिया. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८९१ मध्ये मांडली. तीन पदार्थ एकाच भांड्यात एकत्र येऊन एकच रेणू बनवतात, म्हणून हिला बहुघटक अभिक्रिया म्हणतात.

आता अल्डिहाइड बदलून पाहावे. वीस निरनिराळे अल्डिहाइड, इथाइल अॅसिटोअॅसिटेटसारखे पाच एस्टर आणि युरिया किंवा थायोयुरिया असे दोन पर्याय घेतले, तर बाटल्या लागतात सत्तावीस आणि रेणू होतात २०० (२० × ५ × २). बेरजेने आणलेल्या सामानाचा गुणाकार होतो, आणि या शास्त्राची सगळी ताकद त्या गुणाकारात आहे. याच कुळातला मोनॅस्ट्रॉल हा रेणू १९९९ मध्ये गाजला. तो ३-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड, इथाइल अॅसिटोअॅसिटेट आणि थायोयुरिया यांच्यापासून बनतो. १६,३२० संयुगांच्या चाळणीतून तो हाती लागला. पेशी विभागताना रंगसूत्रांची वाटणी ज्या सांगाड्यावर होते तो उभा करणाऱ्या ईजी-५ (Eg5) या प्रथिनाला तो रोखतो. मोनॅस्ट्रॉल स्वतः औषध झाला नाही, पण कर्करोगावर मारा करण्याची एक नवी जागा त्याने दाखवली.

बहुघटक अभिक्रिया जुन्या असल्या तरी त्यांच्याकडे लायब्ररी म्हणून पाहण्याची नजर पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, रसायनातून आली. रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावर पेप्टाइड बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांना पहिले अमिनो आम्ल चिकटवायचे आणि मग एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवायची. दर टप्प्याला उरलेले रसायन गाळून, धुऊन टाकायचे, कारण आपला पदार्थ मण्याला घट्ट धरून असतो. शेवटी ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लासारख्या आम्लाने तो मण्यावरून सोडवून घ्यायचा. जोडणी पुरी झाली की नाही हे पाहायला चिमूटभर मणी काढून निनहायड्रिनची चाचणी करतात: मणी गर्द निळे झाले तर अजून मोकळे अमाइन शिल्लक आहेत, जोडणी पुन्हा करा, रंग बदलला नाही तर पुढे चला. मेरिफिल्ड यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मारियो गेसेन आणि सहकाऱ्यांनी एकाच वेळी अनेक पेप्टाइड बनवायची युक्ती प्रसिद्ध केली. तिचा विषय कोल्हापूरच्या कोणाही दूध उत्पादकाच्या जिव्हाळ्याचा आहे: गाई-म्हशींचा लाळ्या-खुरकूत रोग. या विषाणूच्या एका आवरण-प्रथिनात २१३ अमिनो आम्ले आहेत. त्यांतली सलग सहा-सहा घेत, एकेक पाऊल सरकत गेले तर २०८ तुकडे होतात. ते सगळे तुकडे पॉलिएथिलिनच्या छोट्या खुंट्यांच्या टोकांवर बांधले गेले आणि जनावराची प्रतिपिंडे नेमकी कोणत्या तुकड्याला पकडतात ते खुंटी-खुंटीवर तपासले गेले. कोणता रेणू कुठे आहे हे जागेवरूनच कळत असल्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, रिचर्ड हॉटन यांनी चहाच्या पुड्यांसारख्या जाळीदार पिशव्यांत मणी भरले. ज्या पिशव्यांना एकच अमिनो आम्ल जोडायचे त्या सगळ्या एका भांड्यात एकत्र बुडवल्या आणि चार आठवड्यांच्या आत १३ अमिनो आम्लांची २४८ पेप्टाइडे तयार केली.

तरीही खरी झेप बुडापेस्टच्या आर्पाद फुर्का यांची. त्यांनी १९८२ मध्येच ‘वाटा आणि मिसळा’ ही पद्धत लिहून नोटरीकडे नोंदवून ठेवली होती. वर्गात ती समजावताना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तीन वाट्या आणि मूठभर मणी जास्त उपयोगी पडतात. मण्यांचे तीन सारखे वाटे करा. पहिल्या वाटीत ‘अ’, दुसऱ्या वाटीत ‘ब’, तिसऱ्या वाटीत ‘क’ जोडा. सगळे मणी एकत्र ओता, नीट कालवा, पुन्हा तीन वाटे करा आणि पुन्हा तेच जोडा. तिसऱ्या फेरीअखेर सत्तावीस प्रकारच्या साखळ्या तयार असतात आणि प्रत्यक्ष जोडण्या झालेल्या असतात फक्त नऊ. वीस अमिनो आम्ले घेऊन पाच फेऱ्या केल्या तर शंभर जोडण्यांत बत्तीस लाख पेप्टाइडे होतात. विद्यार्थ्यांचा इथे हमखास एक गैरसमज होतो. मणी मिसळले म्हणजे रेणूही मिसळले, असे त्यांना वाटते. पण प्रत्येक मणी प्रत्येक फेरीत एकाच वाटीत गेलेला असतो, म्हणून एका मण्यावर एकाच प्रकारचा रेणू असतो. हे कळले की पुढचे सगळे उलगडते. मण्याचा व्यास साधारण एक दशांश मिलिमीटर आणि त्यावर सुमारे १०० पिकोमोल पदार्थ, म्हणजे त्या एकाच रेणूच्या सुमारे साठ हजार अब्ज प्रती. १९९१ मध्ये किट लॅम यांच्या गटाने यावरच ‘एक मणी, एक संयुग’ ही चाळणी उभी केली: लायब्ररीत रंग देणारे लक्ष्य-प्रथिन सोडायचे, ज्या मण्याला ते चिकटेल तो रंगतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने उचलायचा आणि त्यावरच्या पेप्टाइडचा क्रम वाचायचा.

पेप्टाइड पोटात टिकत नाहीत, त्यामुळे औषध कंपन्यांना लहान सेंद्रिय रेणू हवे होते. १९९२ मध्ये बॅरी बनिन आणि जोनाथन एलमन यांनी बेन्झोडायझेपीन हा औषधांत नावाजलेला सांगाडा घन आधारावर बांधून दाखवला आणि या क्षेत्रात पैशाचा पूर आला. संयुगे तपासायच्या ९६ खळग्यांच्या प्लेटा ३८४ वर गेल्या, मग १५३६ वर. संख्या वाढली तशी औषधे मात्र वाढली नाहीत. मोठ्या मिश्रणांत अशुद्धी फार, रेणू बोजड आणि तेलकट, पाण्यात न विरघळणारे. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी तोंडाने घ्यायच्या औषधासाठी मर्यादा मांडल्या: रेणुभार ५०० च्या आत, तेल-पाण्यातील वाटणीचा लॉगरिदम ५ च्या आत, हायड्रोजन बंध देणारे गट पाचांहून जास्त नकोत आणि घेणारे अणू दहांहून जास्त नकोत. त्यानंतर लायब्ररीचा आकार सांगून कौतुक करून घेणे कमी झाले. घटक निवडतानाच विचार करून, काहीशे शुद्ध संयुगे शेजारी-शेजारी स्वतंत्र भांड्यांत बनवण्याकडे कल वळला. ही माघार नव्हती. माझ्या मते या शास्त्राला शहाणपण आले ते इथे.

त्याचा सर्वांत चांगला पुरावा सोराफेनिब हे मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे औषध. रॅफ या एन्झाइमला रोखणारा रेणू शोधण्यासाठी सुरुवातीला सुमारे दोन लाख संयुगे चाळली गेली आणि एक दुबळा युरिया-वर्गीय रेणू मिळाला. त्यात एकेक बदल करून फारशी प्रगती होईना. मग सुमारे एक हजार डायअराइल युरियांची (मधल्या युरियाच्या दोन्ही बाजूंना बेन्झीनसारखी कडी असलेल्या रेणूंची) लायब्ररी केली गेली, आणि रेणूच्या दोन्ही टोकांना एकदम बदल असलेला एक रेणू चांगला निघाला. यातला कोणताही एक बदल एकटा केला असता तर तो निकामी ठरून बाजूला पडला असता. एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या रसायनतज्ज्ञाच्या हाताला असा रेणू सहसा लागत नाही, जुळण्यांचा तक्ता पुरा भरणाऱ्याला लागतो. हे औषध अमेरिकेत डिसेंबर २००५ मध्ये मंजूर झाले. भारतात मार्च २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवण्याची सरकारी मुभा) याच औषधासाठी देण्यात आला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून नऊ हजारांच्या आत आला.

आज मण्यांची जागा बऱ्याच ठिकाणी डीएनएने घेतली आहे. सिडनी ब्रेनर आणि रिचर्ड लर्नर यांनी १९९२ मध्ये सुचवलेल्या कल्पनेनुसार प्रत्येक रेणूला त्याच्या घडणीची नोंद असलेला डीएनएचा धागा जोडतात. कोट्यवधी रेणू एका नळीत मावतात, आणि लक्ष्याला चिकटलेल्यांचा धागा वाचला की रेणू कळतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून बहुघटक अभिक्रियांवर, विशेषतः कमी विद्रावक आणि पुन्हा वापरता येणारे उत्प्रेरक वापरून त्या कशा घडवाव्यात यावर, अनेक वर्षे संशोधन प्रसिद्ध होत आले आहे. कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतून आलेले विद्यार्थी इथे चंबू, अभिक्रिया कुठवर आली ते दाखवणारी टीएलसी पट्टी आणि स्फटिकीकरण यांत तरबेज होतात, आणि लहान, नेमकी लायब्ररी बनवायला तेवढे कौशल्य पुरेसे आहे. मात्र एक सवय बदलायला हवी, असे या विषयावर प्रेम असल्यामुळे लिहावेसे वाटते. वीस अल्डिहाइडांपैकी ज्या चौदांनी चांगले उत्पादन दिले तेवढेच तक्त्यात येतात. उरलेले सहा वहीत राहतात, आणि चाचणीत निष्क्रिय निघालेले रेणूही तिथेच. सोराफेनिबच्या तक्त्यातही बहुतेक चौकोन निष्क्रियच होते. पुढचा विद्यार्थी त्याच सांगाड्यावर दुसरे टोक बदलायला घेईल, तेव्हा त्याला पहिल्या वहीतले ते सहा चौकोन भरलेले मिळायला हवेत.