टाइप करता करता बॉक्स मोठा होतो, तो कसा?

डिलिव्हरीच्या ॲपमध्ये पत्त्याखाली "सूचना" असा एक बॉक्स असतो, आणि नाशिककर त्यात पत्ता लिहीतच नाही, रस्ता लिहितो. "अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागा, डाव्या हाताला मेडिकल दिसेल तिथं वळू नका, त्याच्या पुढच्या बोळात या आणि फोन करा, बेल बंद आहे." बॉक्स एका ओळीचा असला की लिहिणाऱ्याला शेवटी फक्त "बेल बंद आहे" दिसतं, बाकी सगळं डावीकडं सरकून गायब, मेडिकलच्या आधी वळायचं लिहिलं का नंतर हे बघायला बोटानं मागं ओढत बसायचं. बऱ्या ॲपमध्ये मात्र बॉक्स लिहील तसा वाढतो, दोन ओळी, तीन, चार, मग थांबतो. दिसायला किरकोळ वाटतं, पण आत बरीच गणितं चाललेली असतात आणि मराठी टाइप केलं की त्यातली निम्मी सोपी गणितं चुकतात.

पहिला विचार कुणाच्याही डोक्यात येतो तो असा की अक्षरं मोजा, एका ओळीत तीस बसतात असं धरा, भागाकार करा, झाल्या ओळी. हे म्हणजे शिंप्याला मापाऐवजी स्वतःचं वजन सांगण्यासारखं आहे. इंग्रजीतसुद्धा आय आणि डब्ल्यू सारख्या रुंदीचे नसतात, आणि मराठीत तर "अक्षर" म्हणजे नक्की काय इथूनच प्रश्न.

त्र्यंबकेश्वर घ्या. आपण मोजलं तर पाच अक्षरं: त्र्यं, ब, के, श्व, र. फोनच्या मेमरीत मात्र हे १३ युनिकोड चिन्हं म्हणून बसलेलं असतं (युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी यादी), कारण त, हलन्त, र, परत हलन्त, य, अनुस्वार अशी प्रत्येक गोष्ट वेगळी साठवतात. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक साठवायच्या एका नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३९ बाइट. आता सांगा, रुंदी कशावरून काढायची, ५ वरून, १३ वरून की ३९ वरून? तिन्हीवरून नाही. ही चिन्हं आधी शेपिंग इंजिनमधून, म्हणजे चिन्हांचे आकार ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधून जातात (अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये हार्फबझ नावाचं आहे), ते फॉन्टमधले नियम बघून ठरवतं की त-हलन्त-र आलं तर "त्र" हा आकार काढायचा, पहिली वेलांटी नंतर टाइप केलेली असली तरी अक्षराच्या आधी काढायची, वगैरे. प्रत्येक आकाराला फॉन्टमध्ये स्वतःची रुंदी दिलेली असते, त्यांची बेरीज केली की शब्दाची खरी रुंदी मिळते. त्यामुळं टाइप करताना गंमत दिसते, त्र लिहायला तीन बटणं दाबली पण शब्द जवळपास एका अक्षराएवढाच पुढं सरकला.

याहून मोठी उडी बघायची तर रोमन अक्षरांतून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर बघा. स्पेस दाबेपर्यंत बॉक्समध्ये त्र्यंबकेश्वरच्या स्पेलिंगची १४ रोमन अक्षरं रांगेत उभी असतात, ती ओळीत मावत नाहीत म्हणून अख्खा शब्द खालच्या ओळीवर जातो, बॉक्स एक ओळ वाढतो, मग स्पेस दाबली की त्याचं छोटंसं मराठी नाव होतं, शब्द परत वर येतो आणि बॉक्स आक्रसतो. डोळ्याला हे हिसके फार खुपतात, म्हणून काही ॲप उंची बदलताना थोडं ॲनिमेशन घालतात.

रुंदी कळली की पुढचं काम ओळी तोडायचं. कुठं तोडायचं आणि कुठं अजिबात नाही याचे युनिकोडचे ठरलेले नियम आहेत, आपल्याकडं मुख्यतः स्पेसला तोडतात. पण यातही दोन पद्धती. एक हावरी, म्हणजे मावेल तितकं भरायचं आणि उरलेलं खाली ढकलायचं. दुसरी डोनाल्ड नुथ आणि मायकेल प्लास या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ च्या पेपरमध्ये मांडलेली, त्यात अख्खा परिच्छेद एकदम बघून ओळी अशा तोडतात की सगळ्या मिळून नीट दिसाव्यात. छापील मजकुराला दुसरी छानच, पण टाइप करताना ती डोकं फिरवेल, कारण चौथ्या ओळीत एक शब्द वाढवला की पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द उडी मारू शकतो. म्हणून अँड्रॉइडमध्ये नुसता मजकूर दाखवायला हुशार पद्धत असली तरी टाइप करायच्या बॉक्सला मुद्दाम साधी हावरी ठेवलेली आहे. मला हा निर्णय भारी वाटतो, चांगलं गणित हाताशी असून वापरलं नाही.

आता उंची. ओळी गुणिले एका ओळीची उंची, अधिक वरखालची मोकळी जागा, इतकं सोपं वाटतं ना? "विठ्ठू" लिहून बघा. वर वेलांटी, मध्ये एकाखाली एक दोन ठ, आणि त्याच्याही खाली दीर्घ उकार. ज्यानं ओळीची उंची इंग्रजी अक्षरं बघून पक्की ठोकली त्याच्या ॲपमध्ये हा उकार कापला जातो किंवा खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. खड्ड्यांची तक्रार लिहिणाऱ्यांना हे रोजचं असणार, फॉन्ट ड-खाली-ड काढणारा असला की तेच.

शिवाय इंग्रजीच्या फॉन्टमध्ये बऱ्याचदा देवनागरी नसतेच, मग फोन गुपचूप दुसरा फॉन्ट आणतो आणि त्याची उंची वेगळी असते. अँड्रॉइड ९ पासून (२०१८) अशा उसन्या फॉन्टला लागेल तेवढी ओळ उंच करायची सोय आली, त्यामुळं कापाकापी थांबली पण नवीन प्रकार सुरू झाला: रिकामा बॉक्स इंग्रजीच्या उंचीचा, पहिलं मराठी अक्षर पडलं की बॉक्स टुणकन थोडा वाढतो. अँड्रॉइड १५ मध्ये (२०२४) त्यावर तोडगा आला, त्या व्हर्जनसाठी बनवलेल्या ॲपमध्ये रिकाम्या बॉक्सलासुद्धा भाषेला शोभेल अशी किमान उंची आधीच राखून ठेवतात.

हे सगळं किती वेळात करायचं? स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवली जाते तेव्हा एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० वाल्या फोनवर ८.३. तेवढ्यात मोजायचं, आजूबाजूच्या गोष्टी सरकवायच्या आणि रंगवायचं. म्हणून एक अक्षर वाढलं तर अख्खा मजकूर परत मोजत नाहीत, ज्या परिच्छेदात बदल झाला तेवढाच मोजतात. आणि वाटाघाटीची दिशाही ठरलेली असते: स्क्रीन बॉक्सला सांगते "तुला एवढी रुंदी, आणि उंची जास्तीत जास्त इतकी", बॉक्स मोजून उत्तर देतो "मला इतकी लागेल". रुंदी उंचीवर आणि उंची रुंदीवर असं दोन्हीकडून अवलंबून ठेवलं तर कुणाचंच ठरणार नाही.

वेबपेजवर हे बरीच वर्षं जुगाडानं चालायचं. ब्राउझरला विचारायचं की आतला मजकूर किती उंच आहे आणि बॉक्स तेवढा करायचा. पण यात एक खोच आहे, ब्राउझर जो आकडा देतो तो बॉक्सच्या आत्ताच्या उंचीपेक्षा कधीच कमी नसतो, त्यामुळं लिहिताना बॉक्स झकास वाढतो आणि सगळं खोडलं तरी तसाच फुगलेला राहतो. उपाय म्हणजे दर वेळी आधी बॉक्सला दिलेली उंची काढून टाकायची आणि मग विचारायचं. २०२४ मध्ये क्रोम १२३ मध्ये फील्ड-सायझिंग नावाची सीएसएसची (वेबपेज कसं दिसावं हे सांगायच्या भाषेची) सोय आली, बॉक्स आपोआप मजकुराएवढा होतो, आणि तिथं तरी हा उद्योग संपला. आयफोनवर यूआयटेक्स्टव्ह्यूचं, म्हणजे बऱ्याच ओळींच्या तयार बॉक्सचं, स्क्रोल बंद केलं की तो आपोआप मजकुराएवढा होतो, आणि स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलची ॲपचे स्क्रीन बनवायची नवी पद्धत) आयओएस १६ पासून साध्या टेक्स्टफील्डला, म्हणजे एका ओळीच्या बॉक्सला, उभं वाढायला सांगता येतं.

वाढ कुठं थांबवायची यावर मात्र माझं मत पक्कं आहे: थांबवायचीच. कीबोर्डनं आधीच खालची बरीच जागा खाल्लेली असते, त्यात बॉक्सपण वाढत गेला तर ज्या मेसेजला उत्तर देतोय तोच दिसत नाही. चार-पाच ओळींनंतर आतल्या आत स्क्रोल बरा. फक्त ही मर्यादा ओळींमध्ये सांगा, ठरावीक उंचीत नको, कारण घरातल्या मोठ्यांनी फोनचं अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं (अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत जातं) आणि मग तुमच्या पाच ओळींच्या जागेत जेमतेम अडीच मावतात, तिसरी कमरेत कापलेली.

स्वतः तपासायचं असेल तर फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करा, कुठल्याही ॲपच्या बॉक्समध्ये "विठ्ठू" चार ओळींत लिहा, उकार आणि वेलांट्या भांडतायत का बघा, मग सगळं खोडा आणि बॉक्स परत एका ओळीचा होतो का तेही बघा.