अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून?

‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात.’ सातवी-आठवीच्या वर्गात हे हमखास ऐकू येतं, कधी कधी फळ्याच्या बाजूनेही! पण अंतराळ स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या सुमारे ९० टक्के असते. स्थानक सतत पडतच असतं, पण ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही सरकतं, म्हणून जमिनीला टेकत नाही. आतली माणसंही त्याच्यासोबतच पडतात.

प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागेल. आता बाकावर उभं राहून बाटली सोडा (खाली बादली हवीच). पडताना धार थांबते. ओढ तेवढीच आहे. बाटली आणि पाणी बरोबरीने पडताहेत, इतकंच.