जुन्या कॅटमरानचे बोल्ट बदलताना: ए२ घ्यायचा की ए४?

ए२ म्हणजे ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील आणि ए४ म्हणजे ३१६ प्रतीचं. दोन बोल्ट शेजारी ठेवले तर चकाकी सारखी, वजन सारखं, आटेही सारखे. नुसत्या नजरेनं फरक सांगता येत नाही. वापरलेली जुनी कॅटमरान (दोन सांगाडे जोडलेली शिडाची होडी) उघडायला घेतली की तिच्यावर बहुधा दोन्हींची सरमिसळ निघते.

खरा फरक मिश्रधातूत आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४ टक्के आणि त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. स्टेनलेसचं गंजापासून रक्षण करतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं, आणि मॉलिब्डेनम असेल तर तो इतक्या सहज फुटत नाही. ए४ महाग असतो तो यासाठी.

ताकदीबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. डोक्यावर ‘ए२-७०’ कोरलेलं असेल तर ७० म्हणजे ताण सहन करण्याची ताकद किमान ७०० मेगापास्कल. अशा ६ मिलिमीटरच्या बोल्टला ताणून तोडायला सुमारे १४०० किलोचा भार लागतो. ए४ देखील ७० मध्ये मिळतो आणि तेव्हा दोघांची ताकद सारखीच धरायची. ए४-८० थोडा वरचढ. ए४ निवडायचा तो ही ताकद समुद्रावर जास्त वर्षं टिकते म्हणून.

ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे हा कोरलेला शिक्काच. तो ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड अशा षटकोनी किंवा ॲलन डोक्याच्या बोल्टवर असायला हवा. पेचकसाने फिरवायच्या छोट्या स्क्रूवर बहुतेकदा काहीच नसतं. लोहचुंबकाची चाचणी फसवी आहे. दोन्ही प्रती मुळात चुंबकाला चिकटत नाहीत, पण थंड अवस्थेत दाबून डोकं आणि आटे घडवताना त्यांच्यात थोडं चुंबकत्व येतं. ३०४ मध्ये ते जास्त येतं, ३१६ मध्येही थोडं येऊ शकतं. चुंबक खाडकन चिकटला तर तो बोल्ट या दोन्हींपैकी नसण्याची शक्यता जास्त, पण खात्री देता येत नाही. शंका असेल तर मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रवाचा थेंब टाकून रंग पाहायचा. एक शिस्त फार उपयोगी पडते: दोन्ही प्रतींचे डबे कधीही एकत्र करू नका. ए४ च्या डब्यात पडलेला बिनशिक्क्याचा ए२ पुन्हा वेगळा काढता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बोल्टच्या डोक्याभोवती दिसणारे तपकिरी ओघळ बहुतेक वेळा वरवरचे असतात. ए२ वर ते लवकर येतात आणि पुसताही येतात. (पुसताना लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच पुढे गंजतात.) घात होतो तो डोळ्याआड, डेकच्या (होडीच्या वरच्या सपाट भागाच्या) जाडीत. क्रोमियमचा थर फुटल्यावर पुन्हा तयार व्हायला प्राणवायू लागतो. गळक्या छिद्रात साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो संपतो, आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं आणि बोल्टचा दांडा कुरतडला जातो. वर डोकं लखलखीत, खाली नट शाबूत आणि मधला दांडा पेन्सिलच्या शिशाएवढा, असे बोल्ट निघतात. ए४ यातून सुटत नाही, फक्त जास्त काळ तग धरतो. म्हणून नुसती प्रत बदलून गळकं छिद्र तसंच ठेवलं तर पैसे वाया गेले असं समजा.

कॅटमरानमध्ये हा त्रास जास्त, कारण लाटांवर दोन्ही हल (म्हणजे सांगाडे) वेगवेगळे डोलतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या बीमच्या बैठकीला सतत पीळ बसतो. छिद्र लंबगोल होतं आणि सील फाटतं. या जागी ए४ च घ्यावा, आणि तोही अर्ध्याच लांबीला आटे असलेला. बीम आणि बैठक जिथे एकमेकांवर टेकतात तिथे गुळगुळीत दांडा आला पाहिजे. आट्यांच्या खाचांवर आडवा भार आला तर बोल्ट तिथूनच तुटतो. चेनप्लेट (डोलकाठीच्या आधाराच्या तारा जिथे होडीला बांधतात ती पट्टी), सुकाणूची बिजागरी, डेकवरचे क्लीट (दोर अडकवायचे खुंट), विंच (दोर ओढायचं चाक) यांनाही ए४. केबिनमधली कपाटं आणि कोरड्या फळ्या ए२ वर निर्धास्त सोडाव्यात.

चेनप्लेटचे बोल्ट एका वेळी एकच काढा, आणि त्याआधी त्या बाजूला डोलकाठीला एका हॅलयार्डने (शीड वर चढवायच्या दोराने) ताण देऊन ठेवा.

छिद्र असं दुरुस्त करायचं: डेकमध्ये बाल्सा किंवा फोमचा गाभा असेल तर ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी वरचा थर आणि गाभा १२ मिलिमीटरने भोका, खालचा थर शाबूत ठेवा. गाभा काळा आणि ओला निघाला तर आधी तो खरवडून पूर्ण वाळवा. खालचं जुनं भोक टेपने बंद करून आधी पातळ इपॉक्सी लावा, मग सिलिका मिसळून घट्ट केलेलं भरा. पक्कं झाल्यावर मधोमध ६.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि वरची कड किंचित तासा, म्हणजे ब्युटाइल टेपला (पाणी अडवणाऱ्या मऊ चिकट पट्टीला) कडं करून बसायला जागा मिळते. खाली १८ मिलिमीटर व्यासाचा रुंद वॉशर किंवा आधारपट्टी हवीच. आवळताना डोकं धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. डोकं फिरवलं तर सील पिळलं जातं. आट्यांना वंगण लावून हळूहळू आवळा. कोरडं स्टेनलेस वेगाने आवळलं तर आटे एकमेकांत चिकटतात आणि नट कापूनच काढावा लागतो. नायलॉनवाला नट दर वेळी नवा घ्या.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर ए२ आणि ए४ यांत काही फरक पडत नाही. खारं पाणी मिळालं की दोन्ही ॲल्युमिनियमला खातात आणि पांढरी भुकटी जमते. तिथे आट्यांना बेरियम क्रोमेटची किंवा टेफ्लॉनची पेस्ट आणि फिटिंगखाली पातळ प्लास्टिकची चकती लावायची. जाम झालेला बोल्ट जोर लावून पिळू नका. एक दिवस भेदक तेलात ठेवा, मग हीटगनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. ते स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते आणि बोल्ट अखंड बाहेर येण्याची शक्यता वाढते.