लोकर कातरली की मेंढी गारठून मरते?

बाटलीच्या दुधावर वाढवलेली मेंढी दारातच असते, म्हणून निपाणी-चिकोडी भागात तिची लोकर राखून ठेवायचा सल्ला हटकून मिळतो: कातरलीस तर गारठून जाईल. हा सल्ला उलटा आहे. वर्षभर न कातरलेली लोकर पावसात भिजते, आतून दिवसचे दिवस वाळत नाही. शेपटीखाली शेण-मूत चिकटते, माशी अंडी घालते आणि अळ्या थेट कातडी खातात. गोचिडाही त्याच दाटीत लपतात.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. पावसाळ्याआधीची कातरणी मेमध्ये उरकावी. आदल्या दिवशी ओढ्यात धुऊन पूर्ण वाळू द्यावी. ओली लोकर साठवली की कुजते. रात्रभर उपाशी ठेवा, भरल्या पोटी उताणी धरली तर धाप लागते. कातडी एका हाताने ताणून कातर सपाट चालवायची. जखमा बहुतेक काखेत, जांघेत आणि कासेजवळ होतात, कारण तिथे कातडीच्या घड्या पडतात. खरचटले तर लगेच आयोडीन लावा.

गारठ्याची भीती अगदीच खोटी नाही. कातरल्यावर पहिले आठ-दहा दिवस मेंढी पावसात भिजू देऊ नये. बेळगावजवळच्या खानापूरच्या झडीत तर छप्पर हवेच.

एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा किलो निघते आणि तीही भरड. त्यात स्वेटर नाही, पण चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीला हीच लागते.